बाबा, एसी लावा, आणि लावल्यावर बंद करू नका

सातारा,
फेब्रुवारी अखेर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले की, एक माणूस घरी येऊन 'सोलर एसी'चं माहितीपत्रक देऊन गेलाय. गच्चीवर पॅनेल, त्याची वायर थेट एसीला, बिल शून्य. मागून आईचा आवाज आला, "आम्हाला कशाला हवाय एसी?" या दोन्ही गोष्टी फोनवर घाईत बोलण्यासारख्या नाहीत, म्हणून लिहिते. बाबा, तुम्हीही कागदावर दोनदा वाचल्याशिवाय कशाला हो म्हणत नाही.

आधी आईचं. आई, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागात घराघरांत कृष्णा शिरली, आणि त्यानंतर तुम्ही झोपायला कायमचे वरच्या खोलीत गेलात. गेलात ते बरंच केलंत. पण त्या खोलीवर थेट स्लॅब आहे आणि एक भिंत पश्चिमेची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, आणि पंखा तीच गरम हवा फिरवतो. मी एप्रिलमध्ये येते तेव्हा पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मी दोन दिवसांची पाहुणी. तुम्ही अख्खा वैशाख तिथे काढता.

वय झालं की तहान कमी लागते, घाम कमी येतो, शरीराला स्वतःला गार ठेवणं जड जातं. उन्हाळ्याचा त्रास दुपारी दिसतो, पण रात्रीही अंग निवलं नाही तर तो साचत जातो. बाबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल, तर शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. डॉक्टरांना मार्चमध्येच विचारून घ्या, आपल्या मनाने गोळी बंद करू नका. गेल्या उन्हाळ्यात आईला स्वयंपाकघरात चक्कर आली होती, ती "उपासामुळे" होती असं तुम्ही दोघांनी ठरवून टाकलंत. मला ते पटलेलं नाही.

कूलर आहे की, असं तू म्हणशील. हवा कोरडी असते तोवर कूलर चांगला चालतो, कारण पाणी वाळताना गारवा देतं. वळवाचे दोन पाऊस पडून हवा दमट झाली की ते पाणी वाळतच नाही, नुसती चिकचिक होते. शिवाय जिन्यावरून बादल्या तूच वर नेतेस.

आता त्या माहितीपत्रकाचं. असे एसी असतात, त्यात फसवणूक नाही. पॅनेलमधून येणारी डीसी वीज थेट एसीला मिळते, आणि ऊन गेलं की तो घरच्या विजेवर जातो. पण बाबा, तुम्ही हिशेबी माणूस आहात, एवढंच बघा: ती पॅनेलं फक्त त्या एसीला जोडलेली. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात एसी बंद, म्हणजे पॅनेलवर ऊन पडून वाया. शिवाय तुम्हाला गारवा सर्वांत जास्त हवा रात्री, आणि तेव्हा तो एसी महावितरणच्याच विजेवर चालणार. केंद्र सरकारचं अनुदानही अशा सुट्या पॅनेलना मिळत नाही, ते वीजजाळ्याला जोडलेल्या घरगुती यंत्रणेलाच मिळतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की सोलर घराला जोडायचं, आणि एसी बाजारात मिळतो तो साधा इन्व्हर्टर एसी, पाच स्टारचा, घ्यायचा. दिवसा पॅनेलची वीज घरात वापरली जाते, उरलेली महावितरणकडे जाते, रात्री लागते तेवढी तिकडून परत येते. मीटर दोन्हीकडची नोंद ठेवतो आणि बिल फरकाचं येतं. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. आमच्या इथल्या घरावर हेच आहे. स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावाच लागतो, त्यामुळे 'बिल शून्य' या शब्दांवर जाऊ नका.

किती मोठी यंत्रणा? आपल्याकडे १ किलोवॅटमागे वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. ३ किलोवॅट म्हणजे १२ युनिट, मार्च-एप्रिलमध्ये थोडे जास्त, पावसाळ्यात बरेच कमी. बाबा म्हणाले होते, मे महिन्यात ऊन कडक म्हणजे वीज भरपूर. तसं नसतं. वीज प्रकाशातून होते, उष्णतेने उलट कमी होते. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि मेच्या दुपारी गच्चीवरचं पॅनेल ६० अंशांपर्यंत सहज तापतं.

तुमचं आजचं घर दिवसाला पाचेक युनिट खातं. दीड टनाचा चांगला एसी त्या खोलीत रात्रभर चालला तर ६-७ युनिट, दुपारचे दोन-तीन तास धरले तर आणखी २-३. म्हणजे उन्हाळ्यात रोजचे १३ ते १५. कुणी तुम्हाला सांगेल की २ किलोवॅट पुरे, वर्षाची बेरीज करून बघा. बेरीज जमते खरी. पण नेट मीटरिंगच्या खात्यात साठत गेलेली युनिटं ३१ मार्चला संपतात. महावितरण त्यांचे थोडे पैसे देतं आणि १ एप्रिलला पाटी कोरी. हिवाळ्यात तुम्ही काटकसर करून साठवलेली युनिटं ऐन एप्रिल-मेच्या तोंडावर हातातून जाणार! मग त्या दोन महिन्यांत २ किलोवॅट कमी पडतो, आणि फरक विकत घ्यावा लागतो. ३ किलोवॅटमध्ये तो जवळजवळ भागतो.

पैशांचा फरकही फार पडत नाही. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिच्यात पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. त्याच्या वर कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी ७८,००० च. ३ किलोवॅटचा खर्च दीड ते दोन लाखांच्या घरात जातो. आधी पूर्ण रक्कम द्यायची, काम आणि तपासणी झाल्यावर अनुदान खात्यात येतं. पॅनेल भारतात बनलेलीच लागतात. पैशांचं मी बघणार आहे, त्यावर वाद नको. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी आईने पाटल्या मोडल्या तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

आणि बाबा, मला खरं बोलायचंय ते पुढे आहे. एसी लागेल, पॅनेल लागतील, आणि तुम्ही रात्री अकराला उठून रिमोट दाबाल. मी ओळखते तुम्हाला. तुम्ही जन्मभर मीटरकडे बघून जगलात. १०० युनिटांपर्यंत एक दर, पुढे ३०० पर्यंत दुसरा, त्याच्या वर आणखी चढा, हे तुम्हाला तोंडपाठ आहे, आणि महिनाअखेरीला ९८ युनिट आले की तुमचा चेहरा खुलायचा हे मी लहानपणापासून बघत आलेय. त्या काटकसरीवर आम्ही दोघं भावंडं शिकलो. पण आता वीज गच्चीवर तयार होणार आहे, आणि वाचवून ठेवली तर ३१ मार्चला जाणार आहे. एप्रिलमध्ये रात्री एसी बंद करून तुम्ही फारसं काही वाचवत नाही. झोप मात्र जाते, तुमची आणि आईचीही. थंडीत युनिटं उरतील तेव्हा गीझर लावा, आईला इंडक्शनची शेगडी घेऊ, गॅस वाचेल.

एसी २६ वर ठेवा, पंखा एकवर. २०२० पासून नवीन एसी सुरू केला की आपोआप २४ वर येतात, तो बदलून २६ करायचा. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि बाबांच्या गुडघ्यांनाही फार गारवा सोसत नाही. वारा अंगावर येऊ देऊ नका, पट्ट्या वर करून ठेवा. रात्री तापलेली खोली गार करायला यंत्राला फार झटावं लागतं, म्हणून दुपारी ऊन असतानाच दोन-तीन तास लावून घ्या, ती वीज थेट गच्चीवरून येते. जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची. आणि कुणी दरवर्षी गॅस भरायला आला तर पैसे देऊ नका. एसीतला गॅस संपत नसतो. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे, ती आधी काढून घ्यायची.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर फसल्यासारखं वाटणार नाही. लाइट गेली की सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. दुरुस्तीसाठी वायरमन खांबावर चढलेला असतो, आपल्या गच्चीवरून त्या तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून यंत्रणा स्वतःहून थांबते. बॅटरीवर एसी चालवण्याचा खर्च आपल्याला नको. पंखे आणि दिव्यांसाठी तुमचा जुना इन्व्हर्टर आहेच.

पुराचा विचार मात्र बसवणाऱ्यावर सोडू नका. तो सवयीने सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारी पेटी, खाली मीटरशेजारी लावायला बघेल, वायर कमी लागते म्हणून. आपल्याकडे तो वर, जिना संपतो त्या भिंतीवर, सावलीत आणि हवेशीर लावायचा. एसीचं बाहेरचं युनिटही वरच्याच मजल्यावर, पश्चिमेची भिंत सोडून. आणि लक्षात ठेवा, खाली पाणी शिरलं आणि महावितरणने वीज तोडली तरी उजेड असेपर्यंत पॅनेलच्या वायरांत वीज असते. पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या मधलं बटण कुठलं, ते बसवणाऱ्याकडून दोघांनीही हाताने दाबून बघायचं. २०२१ सारखा इशारा आला की घर सोडताना गॅसबरोबर तेही बंद करायचं.

गच्चीबद्दल आईला काळजी आहे, कुरडया-पापड कुठे घालायचे. ३ किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते, पूर्वेची पट्टी मोकळी राहते. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण १५ अंश. पाण्याच्या टाकीची सावली पडणार नाही अशीच जागा हवी. इथे ओळखीच्या एका घरी ठेकेदाराने सोय बघून टाकीशेजारी पॅनेल लावली, आणि एका पॅनेलवर सावली आली की साऱ्या ओळीचं उत्पादन खाली येतं. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आणि पक्का हवा, आपल्या वळवाचा वारा तुम्हाला सांगायला नको. अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक, दोन्ही हवेत. पॅनेलखालच्या स्लॅबवर ऊनच पडणार नाही, खोली तेवढी कमी तापेल. उरलेल्या भागाला पांढरा उष्णतारोधक रंग देऊ.

उन्हाळ्यात पॅनेलवर धूळ बसते. ती सकाळी लवकर, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसायची, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी वापरलं तर पांढरे डाग राहतात, नळाचं घ्या. आणि बाबा, तुम्ही शिडीवर चढणार नाही. माणूस लावू.

कागदपत्रांत एकच अडचण दिसते. लाइटबिल अजून आजोबांच्या नावावर आहे. बिल, अर्ज आणि बँकेचं खातं एकाच नावाचं असलं की अनुदान अडत नाही, म्हणून आधी महावितरणकडे नाव बदलून घ्यायचं. घराचा उतारा, घरपट्टीची पावती, आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि बाबांचं आधारकार्ड काढून ठेवा. सूर्यघरच्या पोर्टलवरचा अर्ज मी इथून भरते, फक्त ग्राहक क्रमांक नीट दिसेल असा बिलाचा फोटो दादाला सांगून पाठवा. त्या माहितीपत्रकवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका. मी शनिवारी येते, पोर्टलवरच्या यादीतल्या दोन-तीन नोंदणीकृत ठेकेदारांना गच्ची बघायला बोलावलं आहे. आई, त्यांच्यासमोर "आम्हाला कशाला हवाय" म्हणू नकोस.

तुमची लेक