लाल पानांसाठी फाल्गुन

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ऑक्टोबरात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रंगीत पानांचे फोटो काढायला जायचं तुमच्या मनात आहे. ते पुढे ढकला. फोनवर सांगितलेलं निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवतेय. हा कागद कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा.

ऑक्टोबरात आपलं जंगल हिरवंच असतं, नुकताच पाऊस संपलेला असतो. थंड देशांत दिवस लहान होऊन गारठा पडला की पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि झाडं पिवळी-लाल होतात. मुंबईत तेवढी थंडी पडतच नाही. आपली झाडं पानं गाळतात ती पाणी वाचवायला, जमीन सुकायला लागली की. म्हणून साग, ऐन, मोई, पांगारा वगैरे जानेवारीपासून पुढे मोकळे होत जातात. सागाचं पान पिवळट तपकिरी होतं, चाळणीसारखं भोकं पडलेलं असतं आणि फोटोत फार सुंदर येतं. पण तुम्हाला हवा आहे तो लाल रंग आपल्याकडे बहुतेक मरत्या पानाचा नसतो, जन्मलेल्या पानाचा असतो. कुसुमाच्या झाडाला फाल्गुनात जी पालवी फुटते ती रक्तासारखी लाल असते. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून भरलेलं नसतं आणि लाल रंगद्रव्य त्याला कडक उन्हापासून जपतं. आठ-पंधरा दिवसांत तोच रंग तांबूस, मग पोपटी होतो. पिंपळाची पालवीही अशीच तांबूस-गुलाबी. लाल होऊन गळणारं झाड म्हणजे देशी बदाम, आणि तो दादरमध्ये गल्लोगल्ली आहे. जानेवारीत त्याच्यावर सराव करून घ्या.

तेव्हा दिवस धरायचा होळीच्या आगेमागे, मंगळवार ते शुक्रवारमधला. सोमवारी पार्क बंद असतं, रविवारी माणसांशिवाय चौकट मिळत नाही. सगळे कुसुम एकाच वेळी लाल होत नाहीत. एक झाड पोपटी झालेलं असतं तेव्हा शेजारचं अजून निष्पर्ण असू शकतं. म्हणून एकाच तारखेवर अडून बसू नका, आठ दिवसांच्या अंतराने दोन दिवस मोकळे ठेवा. वेळा आणि तिकिटं बदलत असतात, आदल्या दिवशी चौकशी करा. कॅमेऱ्याचे पैसे वेगळे पडतात आणि पार्कातल्या कान्हेरी लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, तेही वेगळं. तिथे ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून तो घरीच राहू दे.

दादरहून बोरिवली फास्ट पकडा. सकाळी ती गर्दीच्या उलट दिशेने जाते, बसायला मिळेल. पूर्वेला उतरून रिक्षा करा. मार्चच्या सुरुवातीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण पूर्वेला डोंगर असल्यामुळे ऊन झाडांवर यायला जरा उशीर लागतो. घाई नको, पण गेट उघडताना दारात असा.

आता खरं काम. गेट पार्कच्या पश्चिमेला आहे आणि रस्ता पूर्वेकडे आत जातो. म्हणजे सकाळी तुम्ही सूर्याकडे तोंड करून चालत असता आणि पालवी तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येते. हेच हवं. कोवळं पान पातळ असतं. मागून ऊन आलं की ते दिव्यासारखं पेटतं, शीर न् शीर दिसते. तेच पान सूर्याकडे पाठ करून टिपलंत तर विटकरी आणि सपाट येतं. सूर्य थेट भिंगात येऊ देऊ नका. खोडाच्या आड उभे राहा आणि भिंगाला हूड (कडेचं ऊन अडवणारी झालर) लावा, नाहीतर सगळ्या फोटोवर पांढुरका पडदा येतो.

बाबा, मागे पांढरं आभाळ आलं की कॅमेरा फसतो आणि पानं काळी पडतात. आभाळ चौकटीतून काढून टाकणं हा सगळ्यात सोपा उपाय. त्यासाठी थोडं खाली बसावं लागेल किंवा सावलीतला डोंगर मागे घ्यावा लागेल. गुडघ्यांचं जपा, एखाद्या दगडावर टेकून काढा. मागे अशी गडद सावली असेल तेव्हा उलटी चूक होते. कॅमेरा उजेड वाढवतो आणि लाल रंग फुटतो. पडद्यावर फोटो छान दिसतो, पण पानातल्या शिरा गेलेल्या असतात आणि त्या नंतर परत आणता येत नाहीत. एक्स्पोजर उणे ०.७ वर ठेवा आणि हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) लाल रेघ उजव्या भिंतीला टेकत नाही ना, ते पाहा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, कारण ऑटो लाली कमी करायला बघतो. 'डेलाइट' ठेवा.

पोलरायझर, म्हणजे भिंगावर लावायची चकाकी कापणारी काच, नक्की घ्या. जुन्या पानांची मेणासारखी तकाकी तो काढून टाकतो आणि खालचा खरा रंग वर येतो. सूर्य तुमच्या डाव्या-उजव्या खांद्याला असताना तो बहुधा जास्त काम करतो, समोर किंवा पाठीमागे असताना कमी. त्याने दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड जातो, तेव्हा आयएसओ ४०० ते ८०० लागेल. अ‍ॅपर्चर एफ/८, एकट्या डहाळीला एफ/५.६. वेग १/२५०च्या खाली आणू नका, कुसुमाची पालवी मऊ असते आणि झुळकीनेही लोंबत हलते. दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की जवळचे फोटो सोडूनच द्या. लेन्सा दोनच, १८-५५ आणि ७०-३००. ट्रायपॉडऐवजी जुन्या पँटचा पाय दोन्हीकडून शिवून त्यात पाऊण किलो वाळू भरा. कठड्यावर टाकली की लेन्स घट्ट बसते.

आई, तुझ्या मोबाइलला हे काही लागत नाही. भिंग पदराने पूस, पानावर बोट दाबून ठेव म्हणजे फोकस तिथेच बसेल, मग बोट खाली ओढून थोडा अंधार कर. रुंद कोनापेक्षा दुप्पट झूम बरा. आणि झाडं ओळखायचं काम तुझं. बाबा लाल पाहिलं की धावतील, पण निष्पर्ण झाडावर लाल असेल तर ती पांगाऱ्याची, काटेसावरीची किंवा पळसाची फुलंही असू शकतात. तीही घ्याच. कांडोळ दिसला तर तिथे थांबा: पानं नसलेलं, पांढुरक्या गुळगुळीत खोडाचं झाड. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या खोडासारखं दुसरं काही नाही.

पहिला दीडेक तास गेटजवळ दहिसर नदीच्या बाजूने काढा, मग कान्हेरीची बस घ्या. अंतर सहा-सात किलोमीटर आहे, चालत जायचा विचारही नको. कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत, पायऱ्या खूप. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह सुरुवातीलाच लागतं, तिथवर पुरे. काळ्या दगडाच्या चौकटीतून बाहेरचा लाल-पोपटी डोंगर दिसला तर त्या फोटोचा उजेड आतल्या अंधारावर मोजू नका, बाहेरच्या उजेडावर मोजा; दगड काळा राहिला तरी चालतो. पायऱ्यांवर वाळलेली पानं साचतात आणि त्यांवरून पाय सरकतो, तेव्हा कॅमेरा डोळ्याला लावून एक पाऊलही टाकायचं नाही.

माकडांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. दशम्या चेनच्या सॅकमध्ये ठेवा आणि उघड्यावर खाऊ नका. पाणी स्टीलच्या बाटल्यांतून, प्रत्येकी एक लिटर. पायात पूर्ण मोजे हवेत, सुक्या गवतात गोचीड असतात. पाचोळ्यात हात घालू नका आणि डांबरी रस्ता सोडू नका. फोटोसाठी डहाळी मोडायची नाही, पान घरी आणायचं नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बाबांच्या मित्रांना सांगा. साडेअकराच्या पुढे ऊन डोक्यावर येतं आणि रंग उडतात. तेव्हा परतीची बस धरा.

आधी बदामाचं एक पान उन्हासमोर धरून पाचेक फोटो काढा, उणे ०.७ आणि शून्य, दोन्ही करून. मला पाठवा. लाल रंग कुठे फुटतोय ते बघून सांगते.

तुमची,
लेक