हक आणि जिमची मैत्री गाळू नका

संपादक महोदय,

मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ ही कादंबरी आपल्याकडे बहुधा टॉम सॉयरच्या जोडीने, मुलांची साहसकथा म्हणून वाचली जाते. माझ्या मते ती त्याहून फार मोठी आहे.

मिसिसिपी नदीवर तराफ्यातून निघालेला हक आणि गुलामीतून पळालेला जिम यांची दाट धुक्यात चुकामूक होते. परत भेटल्यावर हक थाप मारतो, की हे सारे तुला पडलेले स्वप्न होते. जिम मात्र त्याच्या काळजीने खचून गेलेला असतो. मित्राची अशी चेष्टा करणारा माणूस म्हणजे निव्वळ कचरा, असे तो हकला तोंडावर सुनावतो. गोऱ्या मुलाने गुलामाची माफी मागायची, ही त्या समाजात कल्पनेपलीकडची गोष्ट. हकला मनाची तयारी करायला १५ मिनिटे लागतात, पण तो माफी मागतो. पुढे जिमचा ठावठिकाणा मालकिणीला कळवणारे पत्र तो लिहितो आणि नरकात जावे लागले तरी चालेल म्हणत फाडून टाकतो. लहानपणापासून शिकवलेला धर्म त्याला पापी ठरवत असतो, तरी तो जिमला सोडत नाही.

शेवटी हकचा मित्र टॉम सॉयर येऊन पकडल्या गेलेल्या जिमच्या सुटकेचा पोरखेळ करतो, ते मला आजही खटकते. पुस्तकातल्या वर्णद्वेषी शब्दावरून अमेरिकी शाळांत होणारा वादही रास्तच आहे.

मुलांसाठी संक्षिप्त आवृत्त्या काढणाऱ्या मराठी प्रकाशकांना मात्र कळकळीची विनंती, की धुक्याचा आणि पत्राचा प्रसंग पूर्ण छापावा.

– एक वाचक, पुणे