मित्राचा महिना आणि ऑलिव्हची छाटणी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तू विचारलंस, तिकडे माणूस गेला की काय करतात. इटलीच्या टस्कनीतल्या या खेड्यांत ठरलेल्या भिंतींवर कागद लागतो: नाव, चर्च, वेळ. तो वाचून गाव जमतं. निधनानंतर सहसा 24 तासांच्या आत दफन करता येत नाही, म्हणून विधी दोन-तीन दिवसांत होतो. दाराशी वही असते, तीत सही करायची, घरच्यांचा हात हातात घेऊन ‘कॉन्दोल्यान्त्से’, म्हणजे ‘तुमच्या दुःखात सहभागी आहे’, म्हणायचं. पुष्कळदा शवपेटी जमिनीत न पुरता भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात. पुढे तिसाव्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. आणि तू केसात माळतेस ती शेवंती इथे थडग्यावरची, कुणाच्या घरी नेऊ नये.

माझा मित्र गेला तेव्हा त्याच्या ऑलिव्हची छाटणी अर्धी राहिली होती. मेअखेर मोहोर येईल, त्यामुळे घरच्यांना विचारून आम्ही शेजारी ती पुरी करतोय. त्याच्यासाठी याहून मनाला पटेल असं दुसरं काही सुचत नाही.

बाबा, द्राक्षासारखी दोनदा छाटणी इथे नाही. कडाका सरल्यावर एकदाच. घाई केली तर उशिराच्या हिमाने ताजे काप जळतात. फळ गेल्या वर्षीच्या काडीवर धरतं, म्हणून ती सरसकट उडवली की तेल बुडालं. तीन-चार मुख्य फांद्या बाहेर झुकत्या, मधोमध मोकळं, प्रत्येक फांदीला एकच शेंडा. हा शेंडा कधी तोडायचा नाही, नाहीतर आत पानसोटांचं, म्हणजे फळ न धरणाऱ्या जोमदार फुटींचं, रान माजतं. काम वरून खाली: आधी करवतीचे मोठे काप, मग फांदीच्या पाठीवर सरळ उभे राहिलेले पानसोट, मग सावलीत सुकलेल्या लोंबत्या काड्या, शेवटी बुंध्याचे फुटवे. इथले शेतकरी म्हणतात, पाकोळीला पंख न लागता झाडातून आरपार जाता आलं पाहिजे.

त्याची बरीच झाडं तीन-चार खोडांची आहेत. 1985 च्या जानेवारीतल्या थंडीत टस्कनीतली बहुतेक ऑलिव्ह जमिनीपर्यंत मेली आणि मुळाशी पुन्हा फुटली, त्यातलीच ही.

ओल्या दिवशी कात्री लावायची नाही. फांद्यांवर गाठी आणणारा जिवाणू पावसाच्या पाण्याबरोबर कापात शिरतो. गाठीचं झाड सर्वांत शेवटी घ्यायचं, कात्री स्पिरिटने पुसायची. नंतर फवारा तुमच्याच ओळखीचा, बोर्डो: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवून. लोखंडी पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. युरोपात तांब्यावर मर्यादा आहे, हेक्टरी सात वर्षांत 28 किलो, त्यामुळे उगाच दोनदा मारता येत नाही.

कुंपणाखाली रानटी शतावरीचे कोंब निघालेत, बोटापेक्षा बारीक, कडसर. अंड्यात घालून खातात. बाकल्याच्या कोवळ्या शेंगा सोलून कच्चेच दाणे पेकोरीनो चीजबरोबर. बांधावर लाल पॉपी फुललेत. हे सगळं त्याला फार आवडायचं, मलाही आवडतं, आणि तो नाही म्हणून ते टाळावं असं वाटत नाही. रडू येतं तेव्हा येऊ देते.

बाबा, एक सांगा: खोडावरच्या मोठ्या कापाला पेस्ट लावायची की उघडा ठेवून वाळू द्यायचा? इथे दोन्ही मतं ऐकू येतात. तुम्ही बागेत जे करता ते कळवा, या आठवड्यात जाड फांद्या घ्यायच्या आहेत.

तुमची,
लेक