ती लाख नव्हे, बिब्ब्याच्या घरातली आहे

माननीय संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जपानच्या कलाकुसरीवर एक लेख आला होता, फोटो मस्तच होते, पण त्यात तीन-चार ठिकाणी ‘जपानी लाखकाम’ असं छापलंय आणि एका ठिकाणी तर लाखेचे किडे पण आलेत, तिथं माझा चहा तसाच राहिला. मी अनगोळात तीस वर्षं फर्निचर पॉलिशचं काम केलेला माणूस, चपडा लाख स्पिरिटमधे भिजवून, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून हात मारत मारत पोरांची शिक्षणं केली, त्यामुळं लाख म्हणजे काय हे मला नीट माहीत आहे आणि जपानचं ते काळं भांडं म्हणजे लाख नव्हे हे पण आता माहीत झालंय, कारण मागच्या वर्षी तिथं जाऊन मी ते हातात धरून आणि हातावर उठवून आलोय. तुमच्या पत्रपेटीत गटार, खड्डे आणि बोर्डावरची भाषा याच्याशिवाय काही नसतंय, तेव्हा हे पण एकदा छापा. चांगल्या लेखात बिब्बा घालायचा म्हणून लिहीत नाही, पण बिब्ब्याचाच विषय आहे, काय करणार.

लाख ही किड्याची. पळस, कुसुम, बोर असल्या झाडांच्या फांदीवर बारीक किडे बसतात, ते जे अंगाभोवती करून ठेवतात ते खरवडून, वितळवून लाख होते, झारखंडाकडं जास्त निघते. स्पिरिटमधे विरघळते, उष्णतेनं मऊ होते, पॉलिश केलेल्या टेबलावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरा गोल उठतोय तो म्हणूनच. जपानवाल्यांचं जे आहे त्याला ते उरुशी म्हणतात आणि तो झाडाचा चीक. किडा बिडा काही नाही. इंग्रजीतला लॅकर हा शब्द मात्र आपल्या लाखेवरनंच तिकडं गेलेला, मग त्या लोकांनी जे चकचकीत दिसेल त्याला लॅकर म्हणायला सुरुवात केली आणि आपण ते परत मराठीत आणताना लाख करून टाकलं. गंमत म्हणजे आपल्या हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी गेटला मारायला ‘ब्लॅक जपान’चा डबा मिळतोय बघा, ते नाव पण त्यावरनंच पडलंय, जपानची काळी भांडी बघून साहेब लोकांनी नक्कल करायला जो काळा रंग केला त्याला जपानच म्हणायला लागले. आम्ही इतकी वर्षं तो डबा उघडत होतो, कधी डोक्यात आलं नाही.

आता मी तिथं कसा पोचलो. मुलगा नागोयात नोकरीला आहे, त्यानं आम्हा दोघांना बोलावलं, देवळं-बिवळं बघून झाली, मग म्हणाला बाबा तुमच्या लायनीतलं काहीतरी दाखवतो. नागोयातनं त्सुरुगापर्यंत एक गाडी आणि तिथनं शिंकान्सेन म्हणजे त्यांची बुलेट ट्रेन, कानाझावाला पोचलो. सोन्याच्या वर्खाचं गाव, जपानातला जवळजवळ सगळा वर्ख तिथलाच, आईस्क्रीमवर पण अख्खा वर्ख चिकटवून देतात, आमच्या हिनं खाल्लं आणि म्हणाली चव काहीच नाही, पैसे तेवढे लागले. तिथं एका छोट्या जागेत वाजिमा गावच्या कारागीर बाई दोन तासांचा वर्ग घेतात. वाजिमा हे तिथनं वर नोतो नावाच्या समुद्रात घुसलेल्या टोकावरचं गाव, या कामाची पंढरीच म्हणा. 1 जानेवारी 2024 ला तिथं 7.6 चा भूकंप झाला, सकाळचा बाजार भरायचा त्या भागात आग लागून दोनशेच्या वर इमारती गेल्या, त्यातनं उठताहेत तोवर सप्टेंबरात पाऊस आणि पूर. बऱ्याच लोकांना गाव सोडून कानाझावाकडं यावं लागलं, त्या बाई त्यातल्याच. त्यांनी हे रडत-बिडत सांगितलं नाही, मुलानं विचारलं म्हणून सांगितलं आणि लगेच हत्यारं पुढं ठेवली.

आम्हाला काय करायला दिलं तर जेवायच्या दोन काळ्या काड्या आणि छिन्नीसारखं एक बारीक हत्यार. काडीवर नक्षी कोरायची, कोरलेल्या रेघेत सोन्याची पूड भरायची, याला चिनकिन म्हणतात. पहिल्यांदा एका भंगार फळीवर हात बसवायला दिला. मला वाटलं आपला तर जन्म यात गेला, ह्या टूरिस्ट लोकांना दाखवतो आता. कसलं काय! तो थर दिसायला काचेसारखा पण हत्यार टेकवलं की कळतं की काच पण नाही, प्लास्टिक पण नाही, घट्ट आणि तरी मऊ, जोर जरा जास्त झाला की हत्यार सुटतंय. आमच्या हिनं आयुष्यभर दारात रांगोळी घातलेली, तिनं निवांत गोपद्मं कोरली, अगदी सारखी, बाई दोनदा येऊन बघून गेल्या. मी आंब्याचं पान काढायला गेलो आणि देठाची रेघ जी घसरली ती पार काडीच्या टोकाला. आपल्याकडं असं झालं की लांबी म्हणजे पुट्टी भरायची, पेपर मारायचा, वरनं हात मारला की गिऱ्हाईकाच्या बापाला कळत नाही. मी मुलाला म्हटलं विचार लांबी हाय काय. बाई हसल्या आणि नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी रेघांत उरुशी चोळली, वरनं सोन्याची पूड दाबली, पाच मिनिटं सगळी काडी नुसती सोनं माखल्यासारखी, आणि पुसली तसं फक्त कोरलेलं तेवढं चमकलं. माझी घसरलेली रेघ सगळ्यात जास्त. आठवडाभर पाणी लावू नका म्हणाल्या.

दोघांचे मिळून आठ हजार येन, म्हणजे माणशी आपले सव्वादोन हजार. महाग म्हणाल तर महाग. पण मला जे खरं आवडलं ते म्हणजे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की हे शेवटचं दागिन्याचं काम तुम्हाला देतोय, खरं काम याच्या खाली आहे आणि ते दोन तासांत होत नाही. एका भांड्याचे तुकडे करून मांडून ठेवलेत, टप्प्याटप्प्यानं. नुसतं लाकूड, मग कडेला आणि बुडाला उरुशीनं चिकटवलेलं कापड, मग वाजिमाच्या एका टेकडीची भाजलेली माती उरुशीत कालवून त्याचे थरावर थर, प्रत्येक थर घासायचा, मग मधला हात, मग शेवटचा. शंभराच्या वर पायऱ्या होतात म्हणे. शेवटच्या हाताचा ब्रश बायकांच्या केसांचा असतो, खरोखर माणसाच्या केसांचा. मी तो ब्रश हातात घेऊन किती वेळ बसलो असेन.

आणि आता खरा मुद्दा, वाळवणं. जुलै महिना आला की आम्ही पॉलिशची कामं घेत नाही. बेळगावचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा, हवेतच पाणी असतंय, स्पिरिट पॉलिश मारलं की धुकं बसल्यासारखं पांढरं पडतं, गिऱ्हाईक बोंब मारतंय. तर हे लोक मारलेलं भांडं मुद्दाम ओल्या कपाटात ठेवतात! लाकडी कपाट, आतनं पाणी मारून ओलं केलेलं, सत्तर-ऐंशी टक्के दमटपणा आणि पंचवीस डिग्रीच्या आसपास ऊब, आणि थर ओघळू नये म्हणून आत भांडी हळूहळू फिरवत ठेवतात. आपला रंग वाळतो म्हणजे त्यातलं स्पिरिट नाहीतर टर्पेंटाईन उडून जातं. उरुशीतनं काही उडून जायचं नसतं, त्या चिकातच एक एन्झाइम असतं, ते दमट हवेत जागं होतं, हवेतला ऑक्सिजन घेतं आणि चीक आतल्या आत घट्ट होतो. एकदा झाला की स्पिरिटनं निघत नाही, ॲसिडला दाद देत नाही, गरम सूप ओता. फक्त उन्हाला भितो. आमचा सगळा धंदा ऊन बघून चालायचा आणि ह्यांचा पाऊस बघून, हे ऐकल्यावर मी मुलाला दोनदा विचारलं, तू नीट भाषांतर करायला लागलायस नव्हं.

झाडाचं पण ऐका. दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, मग उन्हाळ्यापासनं खोडावर आडव्या चिरा मारत मारत थेंब थेंब गोळा करायचा, हंगामभरात एका झाडातनं दोनशे मिली. म्हणजे एक क्वार्टर आणि वर दोन घोट, बास. मग झाड तोडतात, बुडातनं फुटवा येतो. आता जपानात लागणारा बहुतेक चीक चीनमधनंच येतो, स्वतःचा फार थोडा.

बाईंनी कच्चा चीक वाटीत दाखवला, दुधी, हवा लागली की तपकिरी आणि मग काळा. हात लावू नका म्हणाल्या. पॉलिशवाल्याला हात लावू नको म्हणजे काय, काडीवर राहिलेला थेंब मी बोटावर घेऊन चोळून बघितला. दोन दिवसांनी नागोयात मनगटापर्यंत हात लाल, बारीक फोड आणि खाज अशी की झोप नाही. आणि तिथंच मला आज्जी आठवली. लहानपणी खानापूरकडं बिब्ब्याला हात लावला की असाच हात उतायचा, तेच फोड, तीच खाज, आज्जी खोबऱ्याचं तेल लावायची आणि वरनं शिव्या. मुलानं फोनवर शोधून दिलं, उरुशी, बिब्बा, काजू आणि आपला आंबा, सगळे एकाच कुळातले. उरुशीत जे तेलकट द्रव्य अंगावर उठतंय, बिब्ब्यात जवळजवळ तसलंच. आता आठवा, परीट कपड्यावर खूण करायला बिब्बाच टोचायचा, दिसायला तपकिरी रस आणि हवा लागली की काळा डाग, कितीही धुवा जात नाही. तेच की हो हे! ज्याची गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो त्याच्या चुलतभावाचा चीक तिकडं राजवाड्यातल्या डब्यांवर. आणि काजूचं तर याच्या पुढं, टरफलातलं जे तेल काजूच्या कारखान्यात बायकांच्या हातांची सालं काढतंय त्यापासनं जपानात उरुशीसारखा दिसणारा स्वस्तातला रंग करतात, मासे धरायच्या गळाच्या काठीला आणि घरातल्या देव्हाऱ्यांना मारतात, नाव पण ‘काश्यू’च. आपल्या चंदगड-खानापूरकडं तीच टरफलं पोत्यानं पडलेली असतात.

आल्यावर गोकाकला पाहुण्यांकडं गेलो होतो, तिथल्या लाकडाच्या-मातीच्या फळांच्या एका कारागिराला विचारलं, तास-दोन तास शिकवणार काय, पैसे देतो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. ‘तगोरी सर’, म्हणजे घ्या सर, म्हणून टोपलीच पुढं केली, केळं, सीताफळ, मिरची, सगळं हुबेहूब, आणि मी भाव न करता घेतलं तर अजून संशयानं बघायला लागले. त्यांचं चुकलं असं नाही, त्यांच्याकडं बसून बघायचे पैसे कुणी दिलेलेच नाहीत आजवर, जो येतो तो दीडशेचं शंभरला मागतो. आंबोली उतरून सावंतवाडीला गेलात तर राजवाड्यात गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते रंगवणारे बसलेले दिसतात, लोक मागनं मोबाईल धरून जातात. आणि खरं लाखेचं काम बघायचं असेल तर चन्नपट्टणला जावा, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरतात, ती घासून वितळते आणि रंग बसतो, मग केवड्याच्या पानानं चमक आणतात. त्याला म्हणा लाखकाम, माझी काही तक्रार नाही.

काड्या घरात आहेत. हिनं शोकेसमधे ठेवल्या होत्या, तिथं दुपारचं ऊन येतंय म्हणून मी हलवल्या तर म्हणते मला शोभेला पण ठेवू देत नाही. एकदा पापड तळताना वापरायला निघाली होती, तेव्हा मात्र मी ओरडलो.

सध्या आमच्या न्हाणीघरात सागवानाचे दोन तुकडे ओल्या पोत्याखाली ठेवलेत, एकावर बिब्ब्याचं तेल, एकावर काजूच्या टरफलाचं. हातमोजे घालून लावलंय यावेळी. आज नववा दिवस, काजूचा अजून चिकट आहे, बिब्ब्याचा कडेनं बोटाला लागायचा बंद झालाय पण मधे नाही. घरातले सगळे वरच्या न्हाणीघरात आंघोळीला जातात. पाऊस अजून महिनाभर आहे, वाळलं तर कळवतो.

आपला,
एक जुना पॉलिशवाला
अनगोळ, बेळगाव