लॉ कॉलेजच्या कायदा-सल्ला क्लिनिकमधल्या वकील मॅडमना, आईच्या हातात पेन दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

थँक्यू त्या दिवशी कोर्टाबाहेरच म्हणायचं होतं, पण तुम्हाला पुढचं लेक्चर होतं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

मालकाने तोडलेलं पाणी नळाला परत आलंय. जिन्यातला दिवासुद्धा लागतोय. खोलीची केस अजून चालणार हे माहितेय, भाडेकरू-मालकांचे खटले चालतात त्या स्मॉल कॉज कोर्टातल्या तारखा गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला नवीन नाहीत, पण पाणी आलं त्या रात्री आई कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

तुमच्याआधी आम्ही काय काय ऐकलं! एका वकिलाने फी घेतली आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं, एका ऑफिसात म्हणाले मालकाशी जुळवून घ्या, आणखी एकाने तर सरळ सांगितलं की पावती बाबांच्या नावावर आहे ना, मग बाबा गेले तसा तुमचा हक्कही संपला, खोली सोडायचे किती देतायत ते बघा. मालक स्वतःच भाडं घेईना आणि वर भाडं थकवलं म्हणून नोटीस. आणि ही सगळी माणसं बोलायची माझ्याशी. आई शेजारच्या खुर्चीत बसलेली असायची, तिच्याकडे कोणी बघायचंही नाही. याचा राग अजून गेलेला नाही माझा.

तुम्ही १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा उघडून तिलाच दाखवलात. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत तेव्हा राहत असलेल्या घरच्या माणसाकडे भाडेकरूचा हक्क येतो, मालकाने पावतीवर नाव चढवलं नाही म्हणून तो जात नाही. पाणी, वीज, अगदी जिन्यातला दिवा, यातलं काहीही मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि नाकारली तरी कागद जपा, म्हणजे आपण द्यायला तयार होतो हे दिसतं. आणि बाई असेल तर तिची कमाई कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने तिला मोफत वकील मागता येतो. हे आम्हाला आधी एकानेही सांगितलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते वेगळंच. तुमच्या विद्यार्थ्यांनी कोर्टात द्यायच्या अर्जाचा मसुदा मराठीत करून आणला, तो तुम्ही माझ्याकडे न देता आईकडे दिलात, वर तुमचं पेन दिलंत आणि म्हणालात, "काकू, घर तुमचं आहे, चुकलं असेल तिथे खूण करा, आम्ही थांबतो." आणि खरंच थांबलात, संध्याकाळ झाली होती, पोरांना लोकल पकडायच्या होत्या, शिपाई दारं लावत होता, तरी कोणी घाई केली नाही. आईने चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि एका जागी पेन थांबलं. लिहिलं होतं की पतीच्या निधनानंतर अर्जदार या खोलीत राहतात. आई म्हणाली, "नंतर नाही हो, लग्न होऊन आले तेव्हापासून मी इथेच आहे." तुम्ही त्या मुलाला म्हणालात, हे तसंच गेलं असतं तर समोरच्या वकिलाला आयतं मिळालं असतं, आणि मग आईकडे वळून तिला सॉरी म्हणालात. पूर्ण पान परत टाइप करून घेतलंत.

मॅडम, त्या दिवसापासून आई बदललीय. आता मालकाचा माणूस आला की ती माझी वाट बघत नाही, दारात उभी राहून स्वतः बोलते. कायदा माहीत असलेली माणसं खूप आहेत मुंबईत, पण समोरच्याला त्याच्याच घराबद्दल काही कळत असेल असं मानणारी किती भेटतात? तुमची मुलं अजून कोर्टात उभी राहू शकत नाहीत, पण हे ती आत्ताच शिकतायत याचं मला फार बरं वाटतं. त्या मुलाला सांगा, आई त्याच्यावर अजिबात रागावलेली नाही, उलट त्याची सारखी चौकशी करते.

आणि हो, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनाही तशीच नोटीस आलीय. त्यांना आईच घेऊन येणार आहे तुमच्याकडे, रेशन कार्ड, लाइट बिलं आणि मिळतील तेवढ्या जुन्या भाडेपावत्या काढून ठेवायला तिने त्यांना सांगितलंसुद्धा.