बॅटऱ्या बदलण्याआधी

पुणे, २० जानेवारी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रात्री नऊलाच अंधार होतो म्हणून सोलरच्या नव्या बॅटऱ्यांचा बयाणा एवढ्यात देऊ नका. शेतघराकडे रेंज धड नसते आणि फोनवर निम्मं बोलणं तुटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. खानापूरचा वायरमन येईल तेव्हा त्यालाही हा कागद दाखवा.

दुकानदार म्हणतो दोन्ही बॅटऱ्या गेल्या. तसं असेलही. पण त्या का गेल्या, हे कळल्याशिवाय नव्या बसवल्या तर त्यांचीही तीच गत होणार. लेड-अॅसिड बॅटरी रोज अर्धीच भरत राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि तिची ताकद कायमची कमी होते. तुम्ही सांगितलेले आकडे तर पॅनेलकडे बोट दाखवतात. आपली ३३० वॅटची दोन पॅनेलं समांतर जोडलेली आहेत. जानेवारीच्या स्वच्छ उन्हात साडेबाराच्या सुमारास दोन्ही मिळून १४-१५ अँप करंट तरी यायला हवा. तुम्हाला दिसले ७. म्हणजे बरोबर निम्मे! बॅटरी म्हातारी झाली म्हणून करंट असा नेमका निम्म्यावर येत नाही. एक पॅनेल कामच करत नसावं.

मात्र एक गोष्ट आधी बघा. बॅटरी भरत आली की पॅनेल आणि बॅटरीमधला चार्जर आपणहून करंट कमी करतो, तो बिघाड नव्हे. म्हणून आकडा बघताना पंखा आणि टीव्ही चालू ठेवा आणि बॅटरीचे व्होल्टही लिहून घ्या. व्होल्ट २८च्या वर असतील तर कमी अँपची काळजी नको. २५-२६ व्होल्ट असूनही ७च अँप येत असतील तर मात्र माझा संशय खरा.

आता आई, हे तुझ्यासाठी. मला तुझ्या काजूच्या झाडावर संशय आहे. दिवाळीपासून लाईट लवकर जायला लागली असं तूच म्हणालीस. दिवाळीनंतर सूर्य आणखी दक्षिणेकडे कलतो. आपल्याकडे डिसेंबरात तो भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ५१ अंश वर येतो, म्हणून दक्षिणेच्या झाडाची सावली स्लॅबवर सरकते. काजूचा शेंडा पॅनेलपेक्षा दहा फूट उंच असेल तर दुपारची सावली आठ फूट उत्तरेकडे पडते, आणि सकाळी त्याहून कितीतरी लांब. जूनमध्ये तोच सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो, तेव्हा ही सावली पॅनेलवर येतच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

एवढ्याशा फांदीने काय होतं, असं बाबा म्हणतील. खूप होतं. पॅनेलमधले ७२ सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. पाटात एका जागी माती ढासळली की पुढचं शिवार कोरडं राहतं, तसंच इथे. सावली पडलेला भाग वगळून करंट पुढे जावा म्हणून पॅनेलमध्ये तीन डायोड असतात, पण त्यातला एक लागू झाला की पॅनेलचे एक तृतीयांश व्होल्ट जातात. ३७ व्होल्टांचे २५ उरतात. आपल्या २४ व्होल्टच्या बॅटऱ्या भरायला २७-२८ लागतात आणि आपला चार्जर साधा, पीडब्ल्यूएम पद्धतीचा आहे, तो व्होल्ट वाढवून देत नाही. म्हणजे सावली एका कोपऱ्यावर, पण पॅनेल जवळजवळ सगळं वाया.

तेव्हा सकाळी नऊपासून तीनपर्यंत दर तासाला खालूनच सावली कुठे पडते ते बघा आणि शेजारी अँप लिहा. सावली हटल्यावर आकडा दुप्पट झाला तर दोष काजूचा. दिवसभर निम्माच राहिला तर एका पॅनेलचा कनेक्टर सैल झाला असेल किंवा जळला असेल. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस झेलल्यावर जॉइंटमध्ये पाणी शिरणं काही नवल नाही. वायरमनला प्रत्येक पॅनेलचा करंट वेगवेगळा मोजायला सांगा. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, नेहमीच्या एसीच्या मीटरवर हा करंट दिसत नाही. आणि डीसीचा स्विच पाडल्याशिवाय भर उन्हात कनेक्टर ओढायचा नाही, ठिणगी पेटते.

बाबा, तुम्ही स्लॅबवर चढायचं नाही. कठडा नाही आणि तुमचा गुडघा कसा आहे ते मला ठाऊक आहे. शेजारच्या मुलाला सांगा. पॅनेल पहाटे, काच थंड असताना, विहिरीच्या साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसायचं. घासणी नको, पावडर नको. खालच्या चौकटीशी पावसाळ्यातलं शेवाळ बसलेलं असेल, ते आणि पाखरांची घाण नीट काढायला सांगा.

बॅटऱ्यांचं पाणी वायरमनकडूनच बघून घ्या. फक्त डिस्टिल्ड वॉटर, अॅसिड अजिबात नाही, आणि तिथे बिडी-काडी कुणी पेटवायची नाही.

हिशेब सांगते. टीव्ही, दिवे, पंखा आणि नुसता चालू असलेला इन्व्हर्टर मिळून तुमचा रोजचा खर्च साधारण ४५ अँपिअर-तास (एक अँप करंट तासभर वापरला की एक अँपिअर-तास). दोन्ही पॅनेलं नीट चालली तर दिवसाला ६५च्या आसपास जमा होतात, एकावर ३२. रोज थोडी उसनवारी चालली आहे, म्हणून रात्री नऊला अंधार. तोवर रात्री इन्व्हर्टर बंद करून झोपा, तेवढीच बचत.

आणि आई, फांदी लगेच तोडायला लावू नकोस. मोहोर आला असेल, वर्षाचं पीक हातचं जाईल. पॅनेलं स्लॅबच्या उत्तरेच्या कडेला आठ-दहा फूट सरकवता येतील. स्टँड नटबोल्टचाच आहे, वायर तेवढी वाढवावी लागेल. खर्च मी पाठवते. बोल्ट मात्र घट्ट हवेत, पावसाळ्यातला तिथला वारा तुम्हाला सांगायला नको.

तासातासाच्या आकड्यांच्या कागदाचा फोटो दादाकडून पाठवा. तो बघून मी वायरमनशी स्वतः बोलेन. पॅनेलं पूर्ण करंट देऊ लागल्यावरही सकाळी पंखा-दिवे बंद असताना २४ व्होल्टच्या खालीच दिसत राहिलं, तर बॅटऱ्या खरंच गेल्या असं समजू. मग मी येते आणि आपण बरोबर जाऊन घेऊ.

तुमची,
धाकटी