‘आय’ म्हणायचं सोडलंस का?

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर “जेवलास का?” विचारलं, तर तू “यस” म्हणालास. इथे उत्तर आयर्लंडच्या लार्नमध्ये लहानाचा मोठा होताना प्रत्येक प्रश्नाला इथल्या अल्स्टर-स्कॉट्स बोलीत “आय”, म्हणजे “हो”, म्हणणारा मुलगा घर सोडल्यावर दीड महिन्यात “यस” म्हणायला लागला. वर, मुलं हसतात म्हणालास. मी यावर काही लिहिणार नव्हते. खोलीत ओल नाही ना, दम्याचा पंप जवळ ठेवतोस ना, एवढंच विचारायचं होतं.

मी वॉर्डवर नवीन होते तेव्हा एक आजोबा “ऑक्स्टर दुखतंय” म्हणाले आणि मी त्यांचं पोट चाचपत बसले. घरी आल्यावर तू, सात वर्षांचा, हात वर करून ओरडलास, “आई, काख!” मग रोज जेवताना शिकवणी. शुख म्हणजे चर, ज्यात तू सायकलसकट पडलास तो. थोल म्हणजे सोसणं. थ्रॅन म्हणजे हेकट, आणि लगेच बाबांकडे बोट.

ही काही अडाण्यांची बोली नाही. 1998 च्या बेलफास्ट शांतता करारात अल्स्टर-स्कॉट्सचं नाव आहे. 2021 च्या जनगणनेत शंभरातल्या दहा जणांनी ती थोडीफार येते असं सांगितलं. बॅलीकॅरीला ज्या जेम्स ऑरच्या स्मारकाजवळ आपण डबा खाल्ला, तो विणकर होता आणि याच बोलीत कविता लिहायचा. तू का लाजायचं?

पुन्हा भाषण झालं. चुकलंच माझं. तुझं प्रवेशाचं पत्र अजून फ्रिजवर आहे, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते.

पण मी पुण्याला नर्सिंगला आले तेव्हा “व्हय” म्हणायची. हॉस्टेलवर मुली हसल्या. दिवाळीत घरी गेले आणि आबांना “हो” म्हणाले. ते बोलले काहीच नाहीत, हातातला अडकित्ता तेवढा थांबला. आता घरात एकटी असताना “व्हय” म्हणून बघते. जमत नाही रे. दुसऱ्या कुणाचा शब्द उचलल्यासारखं वाटतं.

शेजारच्या काकांनी परवा लँबेग, तो मोठा ढोल, बाहेर काढला होता, कातडं ताणायला. तुझ्या वेताच्या काठ्या त्यांच्या शेडमध्येच आहेत, त्या मी पुसून ठेवल्या. “वी फेला”, म्हणजे छोटा गडी, “कसा आहे?” विचारत होते. बरा आहे म्हटलं.

लोकरीचे मोजे पाठवलेत. मिळाले का, ते एका शब्दात कळवलंस तरी चालेल.

तुझी,
आई